दाबा, धरा, सोडा

"दाबा," जानू म्हणाला.

मी ब्रेकचं लिव्हर मुठीत घेतलं, पण दाबलं नाही. आधी त्याचे हात बघितले. तो लाल गाडीच्या पुढच्या चाकापाशी मांडी ठोकून बसला होता. एका हातात छोटा पाना, दुसऱ्या हातात पारदर्शक नळी. नळीचं एक टोक ब्रेकच्या नटावर खोचलेलं आणि दुसरं माझ्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत सोडलेलं. बरणी मी घरून आणली होती. ती माझ्या डोळ्यांसमोरून हलवायची नाही, असं मी त्याला आल्या आल्या बजावलं होतं.

"दाबा की वैनी."

"दाबते. आधी खांदा बाजूला घ्या. काय फिरवताय ते दिसू दे मला."

जानूनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. सरकून बसला आणि नट मला दिसेल असा केला. एवढ्या मुकाट्यानं ऐकलं, याचाही मला संशयच आला.

वाईचा घाट चढून वर आलं की आमचं पठार लागतं. तिथं सोपान आणि जानू यांनी भागीत दोन एटीव्ही ठेवल्या होत्या. जाड टायरच्या, चार चाकांच्या बाईक त्या. एक लाल, एक हिरवी. पर्यटक यायचे, हेल्मेट चढवून पठारावर एक चक्कर मारायचे, घसा फोडून ओरडायचे, फोटो काढायचे आणि जायचे. सोपान बारटक्के माझा नवरा. जानू ढेबे त्याचा बालवाडीपासूनचा दोस्त. एका बाकावर शिकले, एका ताटात जेवले, आणि मोठेपणी एकाच पत्र्याच्या शेडखाली धंद्याला बसले.

चक्करीचा शेवटचा तुकडा उताराचा होता. तो बंद करावा असं जानूचं म्हणणं, आणि उतार आहे म्हणून तर लोक येतात, असं सोपानचं. दसऱ्याच्या आधी चहाच्या टपरीवर चार लोकांदेखत दोघांची चांगलीच जुंपली. जानू म्हणाला, "एक दिवस तूच पडशील, मग कळंल." दसरा झाला आणि थोड्याच दिवसांत सोपान पडला.

गिऱ्हाईक यायच्या आधी सकाळी एक रिकामी चक्कर मारून गाडी तपासायची त्यांची पद्धत होती. ती चक्कर नेहमी जानू मारायचा. त्या दिवशी म्हणाला, "तू जा आज, माझी पाठ धरलीय." सोपान गेला. उतारावर लिव्हर दाबलं ते सरळ मुठीला येऊन टेकलं, हाताला काही लागलंच नाही, असं तो नंतर सांगायचा. गाडी करवंदीच्या जाळीत अडकली आणि सोपान पलीकडच्या खडकावर आपटला. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. त्या खडकानं अडवलं नसतं तर पुढं दरीच होती.

अंथरुणावर पडलेल्या माणसाला आढ्याकडं बघत बसण्यापलीकडं काम नसतं. सोपाननं पडल्या पडल्या एकेक टाका घालून संशयाचा पुरता सदरा शिवून काढला. आदल्या दिवशी गाडी कुणी धुतली? जानूनं. पाठ नेमकी त्याच सकाळी कशी धरली? भांडणात काय बोलला होता तो? आणि दर खंडेनवमीला आमच्या पंगतीत बसणारा हा माणूस यंदाच परगावी का पळाला?

"ब्रेक आपोआप जात नाही," तो म्हणायचा. "घालवावा लागतो. ज्यानं घालवला त्याला मी आत टाकणार."

तशात जानूचा निरोप आला. दिवाळीची गर्दी सुरू होईल, लाल गाडीच्या ब्रेकचं ऑइल बदलून बघतो, लिव्हर दाबायला एक माणूस पाठवा. सोपान कोपरावर उठूनच बसला.

"बघ! पुरावा धुऊन टाकायला निघालाय. शैला, तू जा. लिव्हर तूच दाब. जुन्या ऑइलचा थेंब सांडू देऊ नकोस, सगळं भरून घरी आण. उद्या पोलिसांच्या टेबलावर ठेवतो."

आबा, म्हणजे माझे सासरे, खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसले होते. त्यांनी पायडल थांबवलं.

"पोलीस कशाला रे? ह्या मशीनखाली झोपून मोठं झालेलं पोर हाय ते."

"आबा, तुम्ही यात पडू नका."

आबांनी कपडा सरळ केला आणि पुन्हा पायडल मारलं.

मला मात्र सोपानचं पटलं होतं. आबांच्याच हाताखाली मी शिवण शिकले. ते म्हणायचे, शिलाई बघायची तर कपडा उलटा करून बघावा, सुलट बाजू सगळ्यांचीच चांगली दिसते. मी पुढं माणसंही उलटी करून बघायला लागले, हा माझा आगाऊपणा. जानूला मी लग्नापासून भावजी म्हणायचे. त्या दिवसांत तो शब्द माझ्या तोंडून गळून पडला होता, नुसतं 'तुम्ही' राहिलं होतं. ते त्याच्या लक्षात आलं नसेल, असं काही नव्हतं.

"दाबा."

दाबलं.

"धरा."

धरलं. त्यानं नट जरासा सैल केला. लिव्हर माझ्या मुठीत खाली बसलं आणि नळीतून शिळ्या चहासारखं काळपट ऑइल बुडबुडे घेत बरणीत उतरलं. त्यानं नट आवळला.

"सोडा. मी म्हणल्याबिगर सोडायचं न्हाई हां वैनी. मधीच सोडलं तर हवा आत जाती, मग ब्रेक लागत न्हाई."

"आणि तुम्ही नट आवळलाच नाही तर?"

"तरीबी जाती."

"मग झालं तर. मला एकटीला कशाला सांगता?"

तो किंचित हसला. मी हसले नाही. हसण्यासारखं माझ्या मनात काही नव्हतं, कारण काम सुरू करण्याआधीच मी एक गोष्ट बघून ठेवली होती.

हँडलवर या ब्रेकची एक छोटी टाकी असते, आमटीच्या वाटीएवढी. तिच्यात ऑइल भरतात, तिथून ते खाली चाकाकडं जातं. दसऱ्याची झेंडूची माळ सुकून हँडलला तशीच लोंबत होती. जानूनं ती अलगद काढून शेडच्या खांबाला अडकवली, मग टाकी उघडली. झाकणाखालचं रबर बाहेर काढलं आणि थबकला. रबर पुरीसारखं फुगून वेडंवाकडं झालं होतं. त्यानं ते नाकाशी नेलं. मग माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा रबराकडं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई."

आणि काही झालं नव्हतं, तरी ते रबर त्यानं फडक्यात गुंडाळून खिशात घातलं. मी मनात म्हटलं, घाल बाबा. आज खिशात घाल, उद्या पोलीस काढतील.

"दाबा... धरा... सोडा." असं बराच वेळ चाललं. वरच्या टाकीतलं ऑइल कमी झालं की तो नवं ऑइल ओतायचा. नव्या डब्याचं सीलसुद्धा मी त्याला माझ्यासमोर फोडायला लावलं होतं. उन्हानं पत्रा तापून कडकड वाजत होता. माझा पंजा दुखायला लागला, पण हात बदलला तर तेवढ्यात हा काहीतरी करेल, म्हणून मी बदलला नाही. नळीतलं काळं ऑइल फिकट होत गेलं, शेवटी पाण्यासारखं स्वच्छ आलं. जानूनं नट आवळला, नळी काढली आणि बरणी उचलून उन्हात धरली.

आणि तो तसाच राहिला.

बरणीत दोन थर झाले होते. खाली काळपट ऑइल आणि वर पिवळसर, पातळ, वेगळंच काहीतरी. वरणावर तवंग यावा तसं. त्यानं वरच्या थरात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. त्याच्या तोंडावरचा रंगच उतरला.

"आबांचं मशीन चालू हाय का अजून?" त्यानं विचारलं.

"इथं मशीन कुठून आलं मधेच?"

"असंच." तो बरणीकडंच बघत होता. "खंडेनवमीला मी नव्हतो औंदा."

"ते ठाऊक आहे आम्हाला. चांगलं लक्षात ठेवलंय."

"गाड्यांची पूजा कशी झाली?"

"जशी होते तशी झाली. विषय बदलू नका. त्या बरणीत काय आहे ते सांगा. काय घातलं होतं ब्रेकमध्ये?"

जानू उठला. फडक्याला हात पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिला.

"वैनी, ही बरणी माझ्यापाशी ठेवा."

"का म्हणून?"

"घरी नेऊ नका. एवढं ऐका माझं."

चोराच्या मनात चांदणं, ते असं. मी पुढं होऊन त्याच्या हातातून बरणी ओढून घेतली. थोडं ऑइल माझ्या पदरावर सांडलं. झाकण लावलं आणि बरणी पोटाशी धरून शेडच्या बाहेर पडले.

"वैनी!" तो मागून ओरडला. "सोपानला सांगा, गाडी मी बिघडवली. माझ्या हातनं झालं म्हणावं. पायजे तिथं सही देतो. पण ती बरणी हितं ठेवा!"

माझे पाय थांबले. एवढे दिवस आम्ही ज्याची वाट बघत होतो, ते हा स्वतःच्या तोंडानं बोलत होता. मी वळून त्याच्याकडं बघितलं. उन्हात उभा होता, हात जोडून. मला त्याची एवढीही दया आली नाही. गुन्हा कबूल करतो आणि बरणी मात्र नको म्हणतो, तर बरणीत गुन्ह्याहून मोठं काहीतरी असणार. मग तर ती नेलीच पाहिजे. मी पळतच सुटले.

घरात शिरले तेव्हा सोपान भिंतीला टेकून बसला होता, पाय उशीवर. आबा मशीनवर. मी बरणी सोपानच्या अंथरुणाशेजारच्या स्टुलावर ठेवली. मला धाप लागली होती, तरी बोलल्याशिवाय राहवेना.

"कबूल झाला! म्हणाला, मीच बिघडवली. आणि हे बघा, ऑइलमध्ये काहीतरी मिसळलंय. वेगळं दिसतंय, वर तरंगतंय. ही बरणी घरी नेऊ नका म्हणून हात जोडत होता."

सोपाननं बरणी हातात घेतली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढे दिवस तो हेच म्हणत होता, पण ते खरं निघावं असं त्याला आतून वाटत नसावं.

"जान्या," तो पुटपुटला. "जान्या, काय केलंस रे हे!"

"बघू," आबा म्हणाले.

ते मशीनवरून उठून आले. बरणीचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं. जानूनं चोळलं होतं, अगदी तसंच. मग सहज, ओळखीचं माणूस दिसावं तसे म्हणाले,

"हे तर माझं तेल."

आम्ही दोघं त्यांच्याकडं बघतच राहिलो.

"माझ्या मशीनचं तेल हाय हे. खंडेनवमीला मीच घातलं की. कात्र्यांना दिलं, मशीनला दिलं, इस्तरीच्या कडीला दिलं. गाड्यांकडं आलो, तर लाल गाडीची ती हँडलावरची वाटी निम्मीच भरलेली. हिरवीची काठोकाठ होती. म्हणलं, सणाला सगळ्या हत्यारांना तेल मिळतंय आन् ही एकटीच उपाशी व्हय? झाकण खोललं आन् वाटी भरली. आख्खी कुपी लागली." ते बरणीकडं कौतुकानं बघत होते. "का रे? चांगलं असतंय हे तेल. चाळीस वर्सं मशीन चाललंय माझं ह्याच्यावर."

दारात पावलं वाजली. जानू आला होता, माझ्या मागोमाग पळत. उंबऱ्यात उभं राहून त्यानं एकदा आबांच्या हातातली बरणी बघितली आणि डोळे मिटून घेतले.

ते मशीनचं तेल ब्रेकच्या रबराला लागलं की रबर फुगतं. रबर फुगलं की ब्रेक चाकाला धरून राहतो, तापतो, आणि असा तापलेला ब्रेक ऐन उतारावर दगा देतो. हे मला जानूनं नंतर समजावलं. पण त्या क्षणी समजवायची गरज नव्हती. सोपानच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. 'ज्यानं घालवला त्याला आत टाकणार,' असं म्हणणारं त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं.

आबांनी त्याच्याकडं बघितलं. मग उशीवरच्या पायाकडं. मग बरणीकडं.

"सोपान," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या तेलानं... काय झालं का रे?"

उत्तर दिलं ते जानूनं.

"छ्या! तेलानं काय व्हतंय आबा?" तो आत आला. मोठ्यानं, अगदी टपरीवर गप्पा मारल्यासारखा बोलत होता. "तेल हलकं असतंय. वरच तरंगतं, खाली ब्रेकात जातच न्हाई. बघा की, आताबी वरच हाय. चूक माझी हाय. चाकातले पॅड पार झिजले व्हते. बदलायचे व्हते, मी आज करू उद्या करू करत बसलो. मी आता वैनींना तेच सांगितलं, माझ्या हातनं झालं म्हणून. विचारा त्यास्नी."

आबांनी माझ्याकडं बघितलं.

"म्हणाले तसं," मी म्हटलं. ते खरंच होतं.

मग आबा सोपानकडं वळले. "खरं का रे? जानूची चूक?"

ते वाक्य सोपान त्या अंथरुणावरून किती वेळा बोलला असेल, देव जाणे. जेवताना, औषध घेताना, झोपेतून दचकून उठल्यावर. त्या घरातल्या भिंतींनाही ते पाठ झालं होतं. आणि आता बापानं विचारलं तर त्यानं जानूकडं बघितलं. जानूनं मान हलवली, बोल म्हणून.

"हो आबा," सोपान म्हणाला. "जानूचीच चूक."

"असं कसं केलंस रे?" आबा जानूला म्हणाले. "एवढी वर्सं गाड्या संभाळतोस."

"चुकलं आबा."

आबांनी बरणी खाली ठेवली, मशीनपाशी जाऊन बसले आणि सुईत दोरा ओवायला लागले. दोरा काही आत जाईना. उजेड कमी आहे म्हणाले. बाहेर भर दुपारचं ऊन होतं.

सोपाननं हात पुढं केला. "जानू, उशी सरकलीय. जरा वर घे मला."

उशी जागेवरच होती. जानूनं वाकून त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला वर सरकवलं. सोपाननं त्याचं मनगट पकडलं ते कितीतरी वेळ सोडलं नाही. मी बरणी पदराखाली घेतली, परसात खड्डा खणला आणि बरणीसकट सगळं पुरून टाकलं. हात धुऊन आत आले तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, "भावजी, चहा टाकू?"

जानू माझ्याकडं बघून हसला. "टाका की. साखर जास्त घाला."

ब्रेकची सगळी रबरं नवी आणल्यावर आम्ही दोघांनी तेच काम पुन्हा केलं. दाबा, धरा, सोडा. त्या वेळी मी त्याच्या हातांकडं एकदाही बघितलं नाही. सोपान काठी टेकत चालायला लागला आणि त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे उताराच्या तोंडाशी दगड रचून वाट बंद केली. गावात मात्र वर्षभर बोलणं होतं, जान्याच्या हलगर्जीपणानं शिंप्याचं पोर मरता मरता वाचलं. जानू ते ऐकायचा आणि चहाचा पेला खाली ठेवायचा. टपरीवर कुणी तोंडावर बोललं तरी 'व्हय, चुकलं' एवढंच म्हणायचा. आबांसमोर तर हा विषय कुणी काढतच नव्हतं.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली. जानू सकाळीच हजर झाला. दोन्ही गाड्या धुऊन अंगणात उभ्या केल्या. आबांनी पाटावर कात्र्या मांडल्या, टेप, इस्तरी, माझी सुयांची डबी. मशीनला झेंडूची माळ घातली. मग नेहमीची, लांब चोचीची तेलाची कुपी घेतली आणि एकेका हत्याराला थेंब थेंब देत निघाले. कात्री झाली, मशीन झालं, इस्तरी झाली. कुपी घेऊन ते अंगणात उतरले आणि लाल गाडीसमोर उभे राहिले.

सोपान माझ्या शेजारी होता. जानू लगबगीनं पुढं झाला.

"आबा, हितं साखळीला घाला. साखळीला तेल लागतंच."

आबा वाकले नाहीत. त्यांनी हँडलवरच्या त्या छोट्या वाटीकडं बघितलं, मग जानूचा हात धरून त्याच्या हातात कुपी ठेवली.

"तूच घाल," ते म्हणाले. "गेल्या साली माझी जागा चुकली."

सोपाननं तोंड फिरवलं. जानू साखळीपाशी बसला, कुपी तिरकी केली, पण पहिला थेंब मातीत पडला, दुसराही पडला.

आबा त्याच्या पाठीवर हात ठेवून शेजारी उभे होते.

"सावकाश," ते म्हणाले. "सांडू दे सांडलं तर."